मनगट धरायचं नाही

आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, फुगडी खेळताना एक बाई हाक घालायची. गाण्याची पहिली ओळ ती उचलायची, आणि पुढे कधी वाकायचं, कधी टाळी द्यायची, कधी जोड्या करून गिरकी घ्यायची, कधी बसून खेळायचं, हे ओरडून सांगायची. मी लग्न होऊन बांद्याकडून पेडण्यात आले तेव्हा ही हाक माझ्या सासूबाईंची होती. त्यांचा आवाज असा की त्या आमच्या अंगणात ओरडल्या तर शेताच्या पलीकडची बाई चूल सोडून उभी राहील. पण पायांपलीकडे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. कोणी कोणाचा हात धरावा, कोणी किती जोरात फिरावं, कोणी पान खाऊन खेळावं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा रिंगणात उभी राहिले आणि विचारलं, "मी कोणाबरोबर खेळू?" तर म्हणाल्या, "जिच्याबरोबर हसूक येता तिच्याबरोबर."

पुढे त्यांना दम्यानं धरलं. एक ओळ म्हटली की दुसरीला श्वास पुरेना. तेव्हा श्रावण संपत आला होता, चवथ, म्हणजे गणपती, तोंडावर होती. देवळाच्या मंडपात दुपारी सराव सुरू व्हायचा आणि हाक घालायला कोणी नव्हतं. शेवटी वाड्यावरची बालवाडी चालवणारी बाई पुढे आली. ती मूळची डिचोलीकडची, लाटंबार्शाची. आमच्याकडे दिल्याला तिला बरीच वर्षं झाली होती, पण वाड्याच्या लेखी ती अजून "लाटंबार्शाची"च होती. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला मोजकी. आवाज खणखणीत. सासूबाईंनी तिची एक ओळ ऐकली आणि मान हलवली. "चलता," म्हणाल्या.

पहिल्याच दुपारी तिनं सांगितलं, "आजपासून मनगटां धरूची नाय. बोटांत बोटां अडकवची."

आमच्याकडे गिरकीला मनगट धरायचीच रीत. मनगट धरलं की पकड बसते, अंग मागे टाकता येतं, भोवरा फिरतो तशी फुगडी फिरते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी कारण विचारलं, "कित्याक गो?" ती म्हणाली, "तसांच बरां दिसता." आणि गाणं उचललं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. प्रत्येक गाण्याला जोडी बदलायची. तिसऱ्या दिवशी सासू-सून, आई-लेक, जावा-जावा यांनी एकमेकींबरोबर खेळायचं नाही. मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच घरात नांदणाऱ्या, दर वर्षी एकत्र फिरणाऱ्या. आम्हांला तिनं हाताला धरून वेगळं केलं. "घरात आसतच एकत्र," म्हणाली. "हंय दुसऱ्यांक भेटा."

मला तेव्हाच खटकलं. माझा स्वभावच शंकेखोर आहे. कोणी कारण नसताना गोड बोललं तर मी त्याच्या हाताकडे बघते. आणि ही तर गोडही बोलत नव्हती, नुसते नियम सांगत होती. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं, आणि एकटीला मलाच वाटलं असं नाही.

तो काळच तसा होता. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सगळीकडे धुमसत होतं. भिंतींवर रात्रीत अक्षरं उमटत, सकाळी कोणीतरी त्यांवर चुना फासत असे. एका घरातले दोघे भाऊ दोन मोर्च्यांना जात. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराशी आपण काय बोललो याचाही लोक अर्थ लावत. आम्ही घरी बोलतो ती भाषा नेमकी कोणती, हे तोवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं; तेव्हा ते विचारायला लागले. तशात ही बाई डिचोलीकडची, तिचा भाऊ मोर्च्यांत पुढे असतो म्हणे, पण कोणत्या मोर्च्यात ते कोणालाच धड सांगता येईना. तेव्हा जिला जो पक्ष नको तिनं त्या पक्षाला तिला बांधून टाकलं. "आता जोड्यो बदलतली, मगे गाणी बदलतली," असं विहिरीवर बोललं जाऊ लागलं.

त्यात तिनं आणखी एक केलं. धारगळला हमरस्त्याच्या कामावर बेळगावकडची माणसं आली होती. रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या बांधून राहत. त्यांतली एक बाई मंडपाच्या खांबाला टेकून आमचा सराव बघायची. लुगडं खोचलेलं, अंगावर खडीची धूळ. हिनं तिला हात करून रिंगणात घेतलं. "बघत रवणारां कोण नाय. येतली ती खेळतली," म्हणाली.

वरच्या घरची काकी लगेच बोलली, "फुगडी वाड्याची की हमरस्त्याची?"

वरचं घर म्हणजे टेकाडावरचं, वाड्यातलं सगळ्यांत मोठं. तिथली काकी बोलली की बाकीच्या बहुतेक गप्प बसत, कारण प्रत्येकीच्या घरातला कोणी ना कोणी त्यांच्या बागायतीत कामाला होता. पण लाटंबार्शाची गप्प बसली नाही. "काकी, तिका गिरकी येता," एवढंच म्हणाली. आणि खरंच, ती खडीवाली अशी फिरायची की बघत राहावं.

मग तो दिवस आला. माझी जाऊ दुसऱ्या एका बाईबरोबर गिरकी घेत होती. नियमाप्रमाणे बोटांत बोटं. श्रावणाअखेरची उकड, हातांना घाम. वेग चढला आणि बोटं सुटली. जाऊ मंडपाच्या चिऱ्याच्या पायरीवर हातावर पडली. तिच्या ओरडण्यानं गाणं जागच्या जागी थांबलं. कोपर दिसत होतं ते कोपरासारखं दिसत नव्हतं.

म्हापशाला इस्पितळात नेलं, प्लास्टर घालून आणलं. चवथ आठवड्यावर आलेली, करंज्यांसारख्या नेवऱ्या करायच्या, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं, आणि घरातले दोन हात कमी. सासूबाई दम लागलेल्या आवाजात दिवसभर बोलत होत्या. "हाक पायांक घालतत. हातांक नाय, घरांक नाय, नात्यांक नाय. मी इतकी वर्सां हाक घातली, कोणाचां बोट तरी मोडलां?"

संध्याकाळी दिवेलागणीआधी ती लाटंबार्शाची आमच्याकडे आली. पेजेचं भांडं आणि लोणच्याची फोड घेऊन. जावेजवळ बसली, तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. "माझ्यामुळे झालां," म्हणाली. जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती वळली नाही.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "उद्या मनगटां धरूया ना मगे?"

"नाय."

"अगो, एकीचो हात मोडलो तरी नाय?"

"सावकाश फिरा. पण मनगटां नाय."

"कित्याक पण?"

"दुखतत."

"कोणाची?"

ती पायरी उतरली आणि गेली. एखादी बाई चूक कबूल करते आणि तरीही ती चूक सोडत नाही, तेव्हा तिच्या मनात काहीतरी दुसरं असतं. ते काय, हे शोधून काढायचं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. खेळत होते, पण लक्ष तिच्या तोंडाकडे. आणि मला एक गोष्ट दिसली. जोड्या बदलायची हाक ती वाटेल तेव्हा घालत नव्हती. रिंगण सरकत असताना ती डोळ्यांनी काहीतरी मोजायची, कधी एखादं कडवं परत म्हणायची, कधी मध्येच तोडायची. आणि असं झालं की दर वेळी तीच दोन माणसं समोरासमोर येत: खडीवाली बाई आणि वरच्या घरची सून.

ही सून बेळगावकडची. लग्नाला दोन पावसाळे झाले असतील. गोरी, बारकी, हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. आम्ही आपसांत म्हणायचो, मोठ्या घरची सून, बांगड्यांनाही तोटा नाही. फुगडीला ती नेहमी सासूबरोबर यायची, सासूबरोबर खेळायची, सासूबरोबर जायची. या वर्षीच नियमामुळे दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ लागली होती. खडीवालीसमोर आली की दोघींचे ओठ हलत. सगळ्यांचेच हलत होते म्हणा, गाणं चाललेलं. पण गाण्याचे शब्द आणि त्या ओठांचं हलणं जुळत नव्हतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. वरच्या घरचे पुरुष भाषेच्या चळवळीत पुढे. त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बैठका होत. लाटंबार्शाचीनं सुनेच्या तोंडून घरातल्या गोष्टी काढायचा हा डाव मांडला नसेल ना? मोर्चा कधी, माणसं किती, कोण कोणाकडे फुटलं?

आणि माझ्या मनात हे चाललेलं असतानाच काकींनी मला बोलावणं पाठवलं. बाल्कांवात बसवलं, फुलाफुलांच्या कपातून चहा दिला. आमच्या घरच्यांना त्या घरात चहा मिळायचा तो परसदारी, पितळी पेल्यात. मी कप हातात धरून बसले.

"तुझ्या जावेचो हात कसो आसा?"

"आसा."

"ती लाटंबार्शाची बरी नाय हां. तिका आमच्या सुनेचो इतको पुळको कित्याक? तू हुशार आसंय. मात्शी नजर ठेव. काय बोलतत त्यो, माका येऊन सांग."

"बघतंय," मी म्हटलं. हो नाही की नाही नाही. चहा चांगला होता, पण तो मला का दिला जातोय हे मला कळत होतं, आणि मग मला त्याच संशयानं काकींकडे बघावंसं वाटलं. बैठकांची गुपितं जायची भीती असेल तर घरच्या पुरुषांनी बोलावं. सुनेनं चार बायकांत काय बोललं याची सासूला एवढी धास्ती कशाला?

परत येताना उतरणीवर मी आठवत गेले. ही सून मी विहिरीवर एकटी कधी पाहिली होती? कधीच नाही. देवळात? सासूबरोबर. नागपंचमीला माहेरी गेली? नाही, बरं नव्हतं म्हणे. त्याआधीच्या दिवाळीला? तेव्हाही बरं नव्हतं. पहिल्या वर्षी भाऊ न्यायला आला होता, तो फाटकावरूनच परत गेला असं कोणीतरी सांगितलेलं. आम्ही ऐकलं होतं आणि विसरून गेलो होतो.

त्या दुपारी सरावाला रिंगण सरकत सरकत ती सून माझ्यासमोर आली. आम्ही बोटांत बोटं अडकवली, फिरायला लागलो. वेग वाढला तशी माझी पकड सवयीनं खाली सरकली आणि मनगटावर बसली. तिनं श्वास आत ओढला, भाजल्यावर ओढतात तसा. बांगड्या वर गेल्या होत्या. मनगटाभोवती वळाची पिवळट पडलेली जुनी कडी आणि तिच्यावर नवी निळी. दोरीनं बांधल्यासारखी. मी फिरत होते, आजूबाजूला मंडपाचे खांब फिरत होते, आणि मधोमध तिचा चेहरा तेवढा स्थिर.

"वैनी," ती गाण्याच्या सुरातच म्हणाली, "बोटंच धरा की."

मी बोटं धरली. हाक आली, आम्ही सुटलो, ती पुढच्या बाईकडे गेली. मी तिथंच उभी. मागून कोणीतरी मला ढकललं, "चल गो, कसली उभी रवलंय?"

सराव संपल्यावर मी बालवाडीत गेले. मुलं घरी गेली होती, ती चटया गुंडाळत होती. मी दार लोटलं.

"माका सांगलां आसतां तर?"

तिनं मान वर केली. मी काय पाहिलं हे तिला विचारावं लागलं नाही. "कोणाक? तुका? की तुमका सगळ्यांक?"

"सगळ्यांक."

"आणि मगे? सगळी तिका कळवळून बघतली. कोण हळद लावूक जातली, कोण सासयेक दोन शब्द सुनवूक जातली. सांजेपर्यंत वयल्या घरात कळतलां. दुसऱ्या दिवसा ती फुगडीक येवची नाय. एवढीच एक वाट आसा तिका भायर पडूची."

"तुका कसां कळलां?"

"हळदीकुंकवाक तिचो हात धरलंय तेव्हा." तिनं चटई भिंतीला लावली. "तिच्या म्हायराची, आवशीच्या गावची बाय रस्त्याच्या कामार आसा. निरोप पोचवूक दुसरां कोण नाय."

म्हणजे राजकारणाचं काही नव्हतंच. पण म्हणून माझा राग गेला असं झालं नाही. मी म्हटलं, "माझ्या जावेचो हात मोडलो. तिका म्हायत नसताना. हेच्यासाठी."

"व्हय."

"त्याचां काय?"

"ता माझ्यार आसा," ती म्हणाली. तिनं आणखी काही सारवासारव केली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडायला धागा मिळाला असता. तिनं केली नाही. आणि कोणाला सांगू नको असंही म्हणाली नाही. तेवढ्यानं माझा संशय आणखी चाळवला: ही मला गृहीत धरतेय की मला पारखतेय? घरी येऊन मी जावेला काही बोलले नाही. काकींकडेही गेले नाही. त्यांचा निरोप पुन्हा आला तेव्हा कळवलं, नेवऱ्या तळतेय, सवड नाही.

चवथ आली. आमच्यात गणपती बसला की बायका घरोघर फिरून फुगडी घालतात. वरच्या घरची पाळी तिसऱ्या दिवशी दुपारी. अंगण शेणानं सारवलेलं, पडवीत पाहुण्यांची गर्दी, आत माटोळीला सुपाऱ्यांचे घड आणि रानफळं लोंबत होती. खडीवालीही आली. फाटकावर नोकरानं तिला अडवलं तेव्हा लाटंबार्शाची म्हणाली, "आमच्यातली आसा," आणि तिचा दंड धरून आत घेऊन आली. सासूबाई दम्यामुळे खेळत नव्हत्या, पायरीवर बसल्या होत्या. जाऊ गळ्यात हात अडकवून त्यांच्याशेजारी.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्याला जोड्या करायची हाक आली, तशा काकी पडवीतून उतरल्या, सरळ रिंगणात आल्या आणि सुनेचा हात धरला. मनगटच धरलं. "आज आमी सासू-सून खेळतलों," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

लाटंबार्शाचीनं गाणं थांबवलं. "सासू-सून नाय, काकी. सरावात ठरललां."

"माझ्या आंगणात तू माका सांगतलंय?"

"आंगण तुमचां. हाक माझी."

पडवीतले पाहुणे पुढे वाकून बघायला लागले. काकींनी हात सोडला नाही. सून खाली मान घालून उभी. आम्ही इतक्या जणी, आणि एकीचीही जीभ हलेना. मला आठवतं, मी काकींच्या बोटांकडे बघत होते. ती बांगड्यांवरून रुतली होती, आणि मला कळत होतं ती कुठे रुतली आहेत. मी पुढे पाऊल टाकणार तोच माझ्या मागून धापांचा आवाज आला. सासूबाई पायरीवरून उठून रिंगणात आल्या होत्या. त्यांनी काकींचा दुसरा हात धरला.

"ये गो," त्या म्हणाल्या. "तू न्हवरी होऊन इल्लंय तेव्हा पयली फुगडी माझ्याबरोबर घातललंय. आज परत घालूया. कोणाक ठाऊक पुढच्या चवथीक मी आसंय की नाय."

म्हातारीला नाही कसं म्हणणार, आणि तेही गणपतीसमोर, पाहुण्यांदेखत? काकींनी सुनेचा हात सोडला. सासूबाई त्यांना घेऊन बसल्या बसल्याच खेळायला लागल्या, दोन ओळींत त्यांचा दम संपला, पण काकींचे हात त्यांनी सोडले नाहीत. बाजूला खडीवाली आणि सून फिरत होत्या. गाणं उंच चढलं होतं. लाटंबार्शाचीनं ते संपूच दिलं नाही, एकच कडवं पुन्हा पुन्हा घेत राहिली.

घरी येताना मी सासूबाईंना विचारलं, "तुमका म्हायत होतां?"

"काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "मी फुगडी घालूक उठलंय. हाक बंद पडली तर चवथ कसली?" त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी, उत्तरपूजेला वरच्या घरी सगळा वाडा जमलेला असताना, सुनेचा भाऊ आला. बरोबर त्याच्या गावातले दोन वयस्क गृहस्थ. हातात नारळ, पेढे, देवाला दूर्वांची जुडी. त्यांनी आधी गणपतीला नमस्कार केला. मग त्या गृहस्थांतला थोरला काकींना म्हणाला, "पोरीची आई अंथरुणाला खिळलीय. चार दिवस न्यायला आलोय. नारळ ठेवलाय देवापुढं, न्हाई म्हणू नका." एवढ्या माणसांत न्हाई म्हणता येण्यासारखं ते नव्हतं. काकी हसल्या. त्यांना हसावं लागलं. सून आतून एका कापडी पिशवीसह बाहेर आली, इतक्या लवकर, की पिशवी आधीच भरलेली असणार.

ती धारगळच्या थांब्यावरून बसनं गेली. परत आली नाही. पुढे खडीवाली जाईपर्यंत तिच्याकडून कळत राहिलं: आई खरंच आजारी होती की नाही हे तिनं सांगितलं नाही, पण पोरगी भावाकडे आहे, गावच्या अंगणवाडीत खिचडी करायला लागली आहे, अंगानं भरली आहे.

वाड्यात मात्र जे व्हायचं ते झालं. वरच्या घरानं बोभाटा केला की लाटंबार्शाचीनं त्यांचं घर फोडलं, आणि हे विरुद्ध पक्षाचं कारस्थान. देवळाच्या मंडपात बायका जमल्या. तिथं जे बोलणं झालं ते मी विसरलेले नाही. एक म्हणाली, हाक घालणारीनं हाक घालावी, आमच्या सवयींत हात घालू नये. दुसरी म्हणाली, पण जोड्या बदलल्या म्हणून तर मला वाड्यातल्या बायकांची नावं कळली, नाहीतर मी दर वर्षी बहिणीचा हात धरून फिरून घरी जायचे. तिसरी म्हणाली, ते बरं असेल, पण मला न सांगता बरं केलेलं मला नको. लाटंबार्शाची सगळं ऐकत उभी होती. सुनेचं मनगट कसं होतं हे तिनं तिथंही सांगितलं नाही. मी सांगितलं. काय पाहिलं तेवढं, एका वाक्यात. कोणी माफी मागितली नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. एक एक जण उठून गेली. पुढच्या आठवड्यात माझ्या दिराला बागायतीतलं काम बंद झालं. तो डिचोलीला खनिजाच्या ट्रकांवर जाऊ लागला.

लाटंबार्शाचीनं त्यानंतर हाक घातली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी घाल असंही म्हटलं नाही. ती रिंगणात येते, बाकीच्यांसारखी खेळते, गाणं इतरांच्या आवाजाखाली म्हणते.

पुढच्या वर्षी गोवा राज्य झालं. मग ठिकठिकाणी कार्यक्रम, आणि आमच्या फुगडीलाही बोलावणं. शहरातून एक गृहस्थ शिकवायला आले. त्यांनी सांगितलं: सगळ्यांनी एकाच रंगाची साडी, गजरा डाव्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हसत राहायचं, वय झालेल्यांनी मागे उभं राहायचं. गाणं अर्ध्यात तोडायचं, कारण पुढे भाषणं आहेत. यांतल्या एकाही गोष्टीला वाड्यातल्या कोणीच "कित्याक गो?" म्हणून विचारलं नाही. सगळ्या साड्या घ्यायला म्हापशाला गेल्या. मी गेले नाही. मला त्या गृहस्थांत काही वावगं दिसलं असं नाही, पण ज्या नियमाचा फायदा कोणाला हे मला दिसत नाही तो नियम माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

जावेचं हाड जुळलं, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. लाटंबार्शाचीशी ती बोलत नाही. वाटेत भेटली तर बाजूला होते. एकदा शेतावर दुपारची भाकरी खाताना मी तिला म्हटलं, "आता सगळां कळलां मगे तरी राग?"

तिनं घास गिळला. म्हणाली, "वयल्या घरच्या त्या चेडवासाठी दोनय हात मोडून घेतले आसते मी. इचारलां असतां तर." मग पदरानं तोंड पुसून, "तिणां इचारूक नाय."

मी लाटंबार्शाचीच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं होतं. तिनं विचारलं असतं तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. ते वरच्या घरापर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नसती. पण जावेचा तो वाकडा हात भाकरीकडे गेला आणि मी तोंड मिटून पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. आम्ही पाणी प्यालो आणि कापणीला लागलो.